वाद्यांच्या साथीनं कविता सादर करताना: पहिल्या वाचनापासून प्रयोगापर्यंत

कविता लिहून झालेली असते. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी गिटार वाजवणाऱ्या मित्राला फोन जातो, एकदा एकत्र वाचन होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न थांबता वाजवतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाला सूर ऐकू येतात, शब्द कळत नाहीत. कॅफेत, ग्रंथालयाच्या सभागृहात, गॅदरिंगला हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की सगळी प्रक्रिया एकदा क्रमानं लिहून काढावी असं वाटलं. यात वाजवणाऱ्याची चूक नसते. वाद्य कुठे वाजणार हे ठरवण्याआधी ते कुठे गप्प राहणार हे ठरवायचं असतं, आणि तेच राहून जातं.

हा लेख बोलल्या जाणाऱ्या कवितेपुरता आहे. चाल लावून गायची कविता हे वेगळं काम आहे. साधारण २० मिनिटांचा कार्यक्रम, ४ ते ५ कविता, एक किंवा दोन वादक आणि हाताशी ३ आठवडे आहेत असं धरून पुढचं लिहिलं आहे.

१. कविता निवडा आणि हक्क तपासा

स्वतःच्या कविता असतील तर थेट पुढच्या टप्प्यावर जा. दुसऱ्या कवीची कविता घेणार असाल, तर भारतात कवीच्या हयातीतच छापलेल्या कवितेचा हक्क (कॉपीराइट) त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही वर्षं निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. केशवसुत १९०५ साली गेले, मर्ढेकर १९५६ साली. त्यांनी हयातीत छापलेल्या कविता आता सर्वांना खुल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितांवरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील. मरणोत्तर छापलेल्या कवितेचा हिशेब प्रकाशनाच्या वर्षापासून होतो. हक्क शिल्लक असेल तर वारसांना किंवा प्रकाशकाला लेखी विचारा. कार्यक्रम चित्रित करून इंटरनेटवर टाकायचा असेल तर त्याच पत्रात तेही स्पष्ट लिहा, कारण सभागृहातल्या सादरीकरणाला मिळालेली परवानगी चित्रफितीला लागू होईलच असं नाही.

निवडताना एक कसोटी लावा. कविता न बघितलेल्या माणसाला ती एकदाच, मध्ये न थांबता वाचून दाखवा आणि काय लक्षात राहिलं ते विचारा. छापील पानावर मागे जाऊन ओळ पुन्हा वाचता येते, ऐकताना येत नाही. लांब समास, एकमेकांत अडकलेल्या प्रतिमा आणि ओळींच्या रचनेवर उभी असलेली कविता वाद्यांबरोबर आणखी धूसर होते. असली कविता वाईट नसते, पण ती वाद्याविना वाचा.

२. वाद्य न आणता संहिता तयार करा

सबंध प्रक्रियेत सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पहिला आठवडा पूर्ण याच कामाचा.

कविता मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर जागा सोडून छापून घ्या. उभं राहून, पूर्ण आवाजात वाचा. मनातल्या मनात किंवा पुटपुटत वाचून श्वास कुठे संपतो ते कळत नाही. जिथे आपोआप श्वास घेतलात तिथे एक दंड (।) मारा. जिथे अर्थासाठी थांबायला हवं तिथे दोन दंड (॥). ज्या शब्दांना कुणीही धक्का लावू नये अशा शब्दांभोवती गोल करा. एका कवितेत असे गोल तीनपेक्षा जास्त झाले तर पुन्हा विचार करा.

सरावासाठी लिहिलेल्या माझ्या पाच ओळी उदाहरण म्हणून देते:

विहीर आटली त्या वर्षी ।
दोर तसाच खुंटीला राहिला. ॥
आई येता-जाता त्याला हात लावायची. ।
पाणी नव्हतं ॥
पण हाताला ओल लागायची.

इथे गोल दोनच: ‘नव्हतं’ आणि ‘ओल’. ‘नव्हतं’नंतरची शांतता हाही कवितेचाच भाग आहे, म्हणून ती सेकंदांत मोजून लिहिली: ३ सेकंद. घरी ३ सेकंद फार लांब वाटतात. मंचावर तुम्ही ती नकळत दीड सेकंदावर आणणार, म्हणून आकडा लिहिलेला बरा.

मग घड्याळ लावून तीन वेळा वाचा. तीनही वेळा वेगळे आकडे आले तर तुमची लय अजून बसलेली नाही आणि वादकाला बोलवायची वेळ झालेली नाही. दीड मिनिटाच्या कवितेत ५ सेकंदांचा फरक चालतो, २० सेकंदांचा नाही.

तपासा: आता मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐका. ओळींचे शेवट गळतात का? मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं. ‘राहिला’, ‘लावायची’, ‘नव्हतं’ हेच पुसट झाले तर ऐकणाऱ्याला वाक्य अर्धं मिळतं. त्यात तिथे वाद्य शिरलं की अर्धंही उरत नाही. माझ्या पाहण्यात आलेल्या दहा वाचकांपैकी आठ जणांची चूक इथेच असते.

३. आधी शांततेच्या जागा ठरवा

छापलेल्या संहितेवर आता रंगीत पेन्सिलनं फक्त वाद्य नसलेल्या ओळी रंगवा. साधारण निम्मी कविता रंगली पाहिजे. पहिल्यांदा हे जड जातं, कारण वादक समोर बसलेला असताना त्याला रिकामं ठेवणं आपल्याला अवघड वाटतं.

कीर्तन ऐकताना लक्ष दिलंत तर ही व्यवस्था समोर दिसते. बुवा निरूपण करत असताना पेटी बहुधा हलका सूर धरून असते किंवा थांबलेली असते, मृदंग नाही तर तबला वाट पाहतो, आणि दृष्टान्त संपून अभंगाचा चरण आला की सगळे एकदम आत येतात. ते आत येणं परिणाम करतं, कारण आधी ते बाहेर होते. शाहिरीतही कथा पुढे सरकते ती शाहिराच्या शब्दांवर, आणि झीलकरी (मागे उभे राहून साथ देणारे) ‘जी जी रं’ म्हणत मधली जागा भरतात.

उरलेल्या जागांवर वाद्याचं काम लिहा. काम मोजकंच असतं: कविता सुरू होण्याआधी सूर देणं, दोन कडव्यांमधली जागा धरणं, एखाद्या ओळीखाली एकच सूर ठेवणं, शेवट मिटवणं. ‘वातावरण निर्माण करणं’ असं कधी लिहू नका. त्यातून वादकाला काहीच कळत नाही आणि तो सतत वाजवत राहतो.

सावधान: पाऊस आला की पावसासारखा आवाज, घोडा आला की टापांचा ठेका, असं करू नका. शब्दानं दाखवलेलं वाद्यानं पुन्हा दाखवलं की दोन्ही हलके होतात. बालकविता हा अपवाद, तिथे मुलांना ते हवंच असतं.

४. वाद्य आणि पट्टी

एका वाद्यानं सुरुवात करा. दोन घेतलीत तर एक सूर धरणारं (पेटी, तानपुरा, गिटार, सारंगी) आणि एक तुटक बोलणारं (बासरी, डफ, संबळ, तबला) असावं. पेटी आणि कीबोर्ड, किंवा दोन गिटार, या जोड्या बोलण्याखाली गर्दी करतात.

पट्टी, म्हणजे वाद्य कोणत्या सुरात लावायचं ते, ठरवताना गाण्याचा विचार बाजूला ठेवा. नेहमीच्या आवाजात एक ओळ बोला, शेवटचा स्वर लांबवा आणि तो पेटीवर शोधा. हा तुमचा बोलण्याचा सूर. पेटी नेमकी त्याच सुरावर टिकून राहिली तर आवाज तिला चिकटतो, आणि चार ओळींत तुम्ही अर्धवट गाऊ लागता. म्हणून वाद्याला तुमच्या आवाजाच्या खाली किंवा वर जागा द्या. पेटी खर्जात, बासरी वरच्या सप्तकात. मधली जागा शब्दांची.

पेटीचा सूर ऐन वेळी बदलता येत नाही, त्यामुळे तबला आणि गिटार पेटीला मिळवायचे. बासरी पट्टीप्रमाणे वेगवेगळी लागते, तेव्हा वादकाला आठवडाभर आधी पट्टी कळवा. वातानुकूलित सभागृहात गार बासरी थोडी खाली बोलते आणि फुंकरीनं गरम झाल्यावर वर चढते. पावसाळ्यात दमट हवेनं तबल्याची पुडी सैल पडते आणि तो उतरतो. म्हणून दोघांनाही मंचावर बसून जुळवायला कार्यक्रमाआधी १५ मिनिटं हवीतच.

मानधन, भित्तिपत्रकावर वादकाचं नाव आणि येण्या-जाण्याचा खर्च या गोष्टी पहिल्या फोनवरच बोला. मैत्रीत हे राहून जातं आणि मग तालमीला येणंही राहून जातं.

५. ताल हवा की नको

मुक्तछंदातली कविता असेल तर ठेका टाळा. मुक्तछंदाच्या ओळी लहानमोठ्या असतात. आठ मात्रांचा केरवा खाली सुरू झाला की वाचणारा ओळ मात्रेत बसवायला लागतो, लांब ओळ पळवतो, आखूड ओळ ताणतो. कवितेची चाल मोडते. तबलजी असेलच तर त्याला सुटे आघात द्या: एका कडव्यात डग्ग्याचा एक बोल, पुढच्यात काहीच नाही.

वृत्तबद्ध कवितेला ताल चालतो, पण तो वृत्तात मोजून घ्यायचा. भुजंगप्रयात म्हणजे ‘लगागा’ (लघु-गुरु-गुरु) चार वेळा, पाच मात्रांचे चार गट, मिळून २० मात्रा. दहा मात्रांच्या झपतालाची दोन आवर्तनं म्हणजे एक ओळ. तीच ओळ केरव्यात कोंबली की दर ओळीला चार मात्रा ताणाव्या लागतात आणि दीर्घ अक्षरं हास्यास्पद लांब होतात. पादाकुलकाच्या १६ मात्रा मात्र केरव्याच्या दोन आवर्तनांत सहज बसतात. मंदाक्रांतेसारख्या, ४, ६ आणि ७ अक्षरांवर यती (थांबा) असलेल्या वृत्ताला ठेका न देता यतीच्या जागी सूर बदलणं जास्त शोभतं.

ताल धरला तरी समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) प्रत्येक शब्द आपटू नका. शाळेत कविता पाठ म्हणायची सवय इथे आड येते. ठेका वादकाकडे राहू दे, तुम्ही अर्थाप्रमाणे बोला आणि कडव्याच्या शेवटी समेवर भेटा. याला सराव लागतो. जमत नसेल तर ताल सोडा, कवितेचं काही बिघडत नाही.

६. क्यू-पत्रक बनवा

वादकाला नुसती कविता पाठवणं पुरेसं नाही, कुठे शिरायचं आणि कुठे थांबायचं याच्या खुणांचं पत्रक हवं. एका कवितेला एक पान, आणि त्यावर खुणा वेळेनं न लिहिता शब्दानं लिहा. ‘४० व्या सेकंदाला थांबायचं’ हे मंचावर कुणी पाळू शकत नाही. ‘नव्हतं’ ऐकू आल्यावर थांबणं सोपं आहे. वरच्या पाच ओळींचं पत्रक असं झालं:

सुरुवात: पेटी, खर्जातला एकच सूर, अगदी हलका. ५ सेकंदांनी मी बोलणार.
‘राहिला’नंतर: बासरीचा एक छोटा तुकडा, एका श्वासाचा. पेटी चालूच.
‘आई’च्या आधी: बासरी संपलेली.
‘नव्हतं’वर: पेटी बंद. भाता सोडून हात मांडीवर.
३ सेकंद: काही नाही.
शेवटची ओळ: कोरडी, वाद्याविना.
‘लागायची’नंतर: मनात ४ मोजून पेटीचा तोच सूर, हळूहळू मिटवायचा.

‘हात मांडीवर’ हे मुद्दाम लिहिलं आहे. सूर थांबला तरी पट्ट्यांवर हलणारे हात प्रेक्षकाची नजर ओढतात. आणि शेवटचे ते ४ आकडे अत्यंत महत्त्वाचे आहेत. शेवटचा शब्द सुटण्याआधीच वाद्य उसळून येणं, ही मला सर्वांत जास्त बोचणारी चूक आहे. कवीनं महिनाभर झुरून शोधलेला शब्द त्यात बुडतो.

तपासा: पत्रक वादकाच्या हातात देऊन त्याला ते तुम्हाला समजावून सांगायला लावा. जिथे तो अडखळेल तिथे पत्रक पुन्हा लिहा.

७. तालमी: किमान तीन

पहिली तालीम बसून, माइकशिवाय. एकदा वादकाला फक्त ऐकू द्या, वाद्य पिशवीतच असू दे. कुठे कविता वळते हे चांगल्या वादकाला पहिल्या ऐकण्यात कळतं, आणि तो सुचवेल ती जागा बऱ्याचदा तुमच्या पत्रकापेक्षा चांगली असते. त्याचं ऐका, पत्रक बदला.

दुसरी तालीम उभं राहून, फक्त जोडांची. सुरुवात, थांबे, शेवट, आणि एका कवितेतून दुसरीत जाणं. मधल्या ओळी वाचूच नका. ४० मिनिटांत सगळे जोड तीन-तीनदा होतात.

तिसरी रंगीत तालीम: पूर्ण कार्यक्रम, न थांबता, चुका झाल्या तरी. दोन कवितांमध्ये काय बोलणार तेही याच तालमीत बोला. कविता समजावून सांगणारं निवेदन ३० सेकंदांच्या वर गेलं की कापा. पट्टी बदलायची असेल, बासरी किंवा कॅपो (गिटारची पट्टी बदलणारा चिमटा) बदलायचा असेल, तर त्याला लागणारा वेळ या निवेदनात बसतो का ते इथेच कळतं.

तुमची एकमेकांकडे पाहण्याची जागाही आता पक्की करा. वादक तुमच्या मागे बसला तर खूण दिसत नाही. त्याला थोडं बाजूला, तुमच्या खांद्याच्या रेषेत, तोंड तुमच्याकडे करून बसवा.

सावधान: ध्वनिमुद्रित संगीतावर तालीम करून ऐन वेळी जिवंत वादक आणू नका. मुद्रित संगीत तुमच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे तुम्ही त्याच्यामागे धावायला शिकता. वादक थांबू शकतो, आणि त्याला बोलावण्याचं मुख्य कारण तेच आहे.

८. माइक आणि साउंड चेक

साउंड चेकला गाणं नको, ‘हॅलो, वन-टू’ नको. कार्यक्रमातली सर्वांत हळू ओळ आणि सर्वांत मोठी ओळ बोला.

माइक ओठांपासून चार बोटं ते एक वीत अंतरावर, तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला. मराठीत महाप्राण (‘ह’ मिसळलेली व्यंजनं) भरपूर: ख, घ, छ, थ, ध, फ, भ. ‘फ’, ‘भ’ आणि ‘प’ थेट माइकवर आपटले की धप्प आवाज येतो, तिरपा माइक तो चुकवतो. नेहमीचा हातातला माइक फार जवळ घेतला की आवाजातला खर्ज फुगतो आणि व्यंजनं बुजतात. जाळीवर मूठ आवळू नका, शिट्टी वाजायला लागते. कागद हातात असेल तर माइक स्टँडवरच हवा.

ध्वनियोजना सांभाळणाऱ्याला चार गोष्टी सांगा. “दादा, आधीच्या गाण्यासाठी लावलेला एको माझ्या आवाजावरून काढा.” बोलण्यावर एको राहिला की जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. दुसरं, आवाज बोलण्याचा आहे, तेव्हा खालचा खर्ज कापा. तिसरं, वाद्यांचा आवाज २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडा खाली घ्या, कारण व्यंजनांची स्पष्टता तिथेच असते. आणि चौथं, वादकाच्या मॉनिटरमध्ये (मंचावर त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) माझे शब्द हवेत. हे चौथं सर्वांत जास्त विसरलं जातं. एका कार्यक्रमात माझ्या साथीदाराला मॉनिटरमध्ये फक्त त्याचीच गिटार येत होती. तीन कविता त्यानं माझे ओठ पाहून वाजवल्या, आणि चौथीत मी मान वळवली तेव्हा तो दोन ओळी पुढे गेला. तेव्हापासून मॉनिटर तपासल्याशिवाय मी मंचावरून उतरत नाही.

तपासा: तुम्ही बोलत असताना एका मित्राला शेवटच्या रांगेत उभं करा. ‘ऐकू येतंय का’ असं विचारू नका, कोणते शब्द बोलले ते त्याला सांगू द्या. सभागृह भरल्यावर माणसांचे कपडे आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या सभागृहात शब्द जेमतेम पोचत असतील तर भरल्यावर पोचणार नाहीत.

९. कार्यक्रमाच्या वेळी

संहितेची छापील प्रत जवळ ठेवा, पाठ असली तरी. मोबाइलवरून वाचणार असाल तर तो विमान मोडवर, स्क्रीन बंद न होण्याच्या सेटिंगवर. तानपुऱ्याचं ॲप लावणार असाल तर तो दुसरा मोबाइल असावा.

मंचावर गेल्यावर वाद्य जुळवणं आधीच झालेलं असू दे. वादकाकडे पाहा, मान हलवा, सूर येऊ द्या, पत्रकात लिहिलेले ५ सेकंद पूर्ण जाऊ द्या, मग बोला. घाई इथेच होते.

ओळ विसरलात तर वादकाकडे पाहा. त्यानं चालू सूर तसाच धरून ठेवायचा, हे तालमीतच ठरलेलं असावं. कागद पाहा, कडव्याच्या सुरुवातीपासून पुन्हा घ्या. माफी मागायची गरज नाही. वादक चुकून शांततेच्या जागी शिरला तर तिथे आवाज वाढवून त्याच्यावर मात करू नका. थांबा. तो एका सेकंदात थांबेल. माइक बंद पडला तर वाद्य पूर्ण थांबवा, दोन पावलं पुढे या आणि उघड्या आवाजात कविता पुरी करा.

टाळ्या पडल्या की पहिल्यांदा वादकाचं पूर्ण नाव घ्या, नीट उच्चारून. ते नाव क्यू-पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण त्या क्षणी जवळच्या मित्राचंही आडनाव आठवत नाही.